उघाडीच्या फळ्या

वैनी, भांडण अर्धं टाकून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. बारा वर्षं मी तुला एकच प्रश्न विचारत होते आणि बारा वर्षं तू "सांगन कवातरी" म्हणून मासळी साफ करायला बसत होतीस. आता तुझं हे "कवातरी" मी कुठे शोधू? विळी भिंतीला टेकवून ठेवलेली तशीच आहे. तुला जाऊन एकवीस दिवस झाले आणि या एकवीस दिवसांत मला रडू कमी आलं, राग जास्त आला. लोक म्हणाले, शिकलेली बाई, मन घट्ट असणारच. घट्ट कसलं डोंबलाचं!

काल मी बांधावर गेले होते. हो, मीच. बारा वर्षांनी. तिथे काय झालं ते तुला सांगायचंय. पण मी कुठलीही गोष्ट मधूनच सांगायला लागले की तू म्हणायचीस, "मास्तरीन, डोसक्यापास्नं सांग, शेपटीपास्नं नको." तर डोक्यापासूनच सांगते. नाहीतरी सगळं माझ्या डोक्यामुळेच झालं होतं.

मी तुझी धाकटी जाऊ होऊन आले ती किहीमहून. बाप मास्तर. स्वातंत्र्य आलं त्या साली मी फायनल पास झाले, मग शिक्षकाचं ट्रेनिंग केलं, आणि मनगटावर बापाने दिलेलं घड्याळ बांधून पेणच्या खाडीकाठच्या या गावात आले. बाईच्या हातात घड्याळ बघायला अर्धं गाव ओट्यावर जमलं होतं. तुझा दीर लग्नानंतर आठच दिवसांत मुंबईला गोदीतल्या कामावर परत गेला आणि घरात राहिलो आपण दोघी आणि मोठे भावोजी, तुझा नवरा. मी तुला "अहो जाऊबाई" म्हटलं, तर तू मागे वळून पाहिलंस, आणखी कोण आलंय म्हणून. "मना अहोजाहो करू नको गो, मना वाटतं पाव्हनी आयलेय कोन तरी." त्या दिवसापासून तू 'तू' झालीस.

आमच्या वाडीत नारळ आणि वाळू. इथलं शेत मी कधी पाहिलं नव्हतं. समुद्राच्या भरतीपेक्षा खाली असलेली भातशेती, मध्ये फक्त मातीचा बांध, आणि बांधाला ठेवलेलं दगडी तोंड, त्याला तुम्ही उघाडी म्हणता. पावसाचं साचलेलं पाणी ओहोटीला त्या उघाडीतून खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत खाचेत लाकडी फळ्या टाकून तोंड बंद करायचं. पावसाळाभर दर आठवड्याला एका घराची पाळी. आणि वर्षातली पहिली पाळी आपल्या घराची, तो मान. हे मला तू पहिल्याच वर्षी बांधावर नेऊन दाखवलंस. मी पोटुशी होते, तू माझा हात धरून चालत होतीस, आणि चिखलात पाय घसरला की मला सोडून स्वतःच खिदळत होतीस.

भरतीची वेळ मला पाठ होती, असं मला वाटत होतं. बाप सांगायचा, तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती पूर्ण. मी मोठ्या ऐटीत तुला हे सांगितलं. तू म्हणालीस, "हे काय, हे आमच्या बोटांव हाय." आणि माझा हात उलटा करून दाखवलंस. एका बोटाला तीन पेरं. एक पेर म्हणजे पाव तास, एक बोट म्हणजे एक तिथी. जितकी तिथी तितकी बोटं, पेरं मोजत जायचं. अंगठा मोजायचा नाही, त्याला दोनच पेरं. चार बोटं माझी झाली की पाचवं तू तुझ्या हाताचं लावायचीस. "आणि पाव तास म्हणजे किती?" मी घड्याळ दाखवत विचारलं. "एक पान खाऊन थुकेपरत," तू म्हणालीस.

शाळेत मी पोरांकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घोकून घेत होते आणि तू कधी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतंस. पण पुढचं तूच सांगितलंस, ते पाऊणकीत नव्हतं. "पानी आगंतुक पाव्हना हाय. तो जेवाय कवा बसतो ते तुजी पाऊणकी सांगते. पन तो तीन तास आधीच उंबऱ्याव येऊन हुबा ऱ्हातो. दार लावाचं तर तवाच लावाचं." म्हणजे उत्तर आलं की त्यातून तीन तास काढायचे, मग फळ्या. मी हसले होते. पाहुण्याला दार लावायचं म्हणते, कसली ही माणसं, म्हणून.

मग शालू झाली. आणि सहा महिन्यांची होऊन तीन दिवसांच्या तापात गेली. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तूच तिला माझ्या मांडीवरून उचललंस.

एका महिन्याने मी शाळेत परत गेले. गेले ती अर्धीच. पुस्तकातली एक ओळ चार वेळा वाचायची आणि अर्थ काही पोचायचा नाही. हजेरीत एकच नाव दोनदा घ्यायची. एके दिवशी पाटीवर मुलांना सात सक अठ्ठेचाळीस लिहून दिलं, तर पुढच्या रांगेतली मुलगी भीतभीत म्हणाली, "बाई, चुकलं." सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि शाळेमागे जाऊन ओकले. दुःख म्हणजे रडणं, एवढंच मला ठाऊक होतं. दुःखाने पाढे जातात, हे ट्रेनिंगला कुणी शिकवलं नव्हतं.

मी मनाशी ठरवूनच टाकलं की मी मुळातलीच मठ्ठ. आजवर पाठांतरावर निभावलं, आता पितळ उघडं पडलं. बापाने लाडाने डोक्यावर चढवलं, गावाने घड्याळ बघून शहाणी म्हटलं, आत सगळा भुसा. त्यात शाळा तपासायला साहेब आले आणि मी त्यांना आमच्या पटावरच्या मुलांची संख्यासुद्धा नीट सांगू शकले नाही. ते जाताना म्हणाले, "बाई, आणखी एक तक्रार आली तर मला विचार करावा लागेल." घरी येऊन मी तुझ्यापुढे दप्तर आपटलं. म्हटलं, "मला अक्कल नाही. कधी नव्हतीच."

तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "डोसकं म्हंजे काय मडकं हाय, फुटलं न संपलं? खांड गेलेय तुजी. खांड गेली का पानी घुसतं, सगला चिखल व्हतो. मंग बांध घालाचा. बांधाला येल लागतो गो बाय."

भरतीने बांध फुटतो त्याला तुम्ही खांड जाणं म्हणता, हे मला तेव्हा माहीत होतं. पण मला त्या वेळी राग आला. वाटलं, हिला सगळं शेतातच दिसतं. मी म्हटलं, "शाळेतलं तुला काय कळतंय?" तू म्हणालीस, "कायपन नाय कलत," आणि खडे बाहेर फेकलेस.

आता त्या रविवारचं. श्रावणातली तृतीया होती. उघाडीवर आपली पाळी होती. भावोजी पहाटेच्या ओहोटीला फळ्या काढून बहिणीच्या गावाला गेलेले, संध्याकाळी यायचे होते. तुझा पाय शिंपल्याने कापून टम्म सुजलेला, टेकवत नव्हता. मी म्हटलं, मी जाते. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तू नको म्हणाली असतीस तर मी रडले असते, ते तुला दिसलं असणार. "जा," तू म्हणालीस. "येल काढून जा." मग तापाच्या ग्लानीत तुझा डोळा लागला.

मी पाटी घेतली. ओट्यावर बसून लिहिलं: तीन पाऊण सव्वादोन. दोनदा ताडून पाहिलं. खाली रेघ मारली. वैनी, तुला कसं सांगू, कित्येक आठवड्यांत माझं पहिलं गणित बरोबर आलं होतं! मला इतकं बरं वाटलं की मी त्या पाटीकडे बघतच बसले. सव्वादोनची भरती, म्हणून मी दीडला निघाले. पाऊण तास आधी जातेय, केवढी मी दक्ष, असं मनात म्हणत धो धो पावसात इरलं घेऊन चालले. तीन तास काढायचे, हे डोक्यात आलंच नाही. गणित बरोबर आणि अक्कल शून्य.

बांधावर पोचले तर पाहुणा घरात शिरून ताटावर बसलेला. उघाडीतून खाडी आत येत होती, गढूळ, फेसाळ, माझ्या कमरेएवढी. लावणी होऊन वीस दिवस झालेली हिरवीगार आवणं पाण्याखाली चालली होती. मी एक फळी उचलून खाचेत घालायला गेले, ती पाण्याने माझ्या हातातून हिसकून नेली. मग मी काय केलं? ओरडले? गावात धावत गेले? मी घरी पळाले. तुझ्याकडे.

मला बघूनच तुला कळलं. भिंतीला धरून उठलीस. म्हणालीस, "तू घरात बस. दार लाव." जाताना ओट्यावरची पाटी तुला दिसली. तुला वाचता येत नव्हतं. पण तू पदराने ती पाटी पुसलीस, दोन्ही बाजूंनी पुसलीस, आणि त्या सुजलेल्या पायाने पावसात गेलीस. थोड्या वेळाने बांधावरून तुझी हाळी ऐकू आली. गडीमाणसं धावली तेव्हा उघाडीवर त्यांना तूच दिसलीस. मी दाराच्या आत बसून होते. कडी लावून.

दोन दिवसांनी देवळात सगळे जमले. अर्ध्या गावाचं पीक गेलं होतं, आणि खारं पाणी प्यालेली जमीन पुढची दोन-तीन वर्षं धड पिकत नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. बांधाचं सगळं बघणारे राघोनाना म्हणाले, "बोला, कोन होतं पालीव?" तू खांबाला टेकून उभी राहिलीस. "मी. मना येल कलली नाय." एवढंच. कुणीतरी म्हणालं, अडाणी बाईच्या हाती उघाडी दिली, आणखी काय व्हायचं! राघोनानांनी सांगितलं, या घराला यापुढे पाळी नाही. भावोजींनी मान खाली घातली. मी बायकांत उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

घरी आल्यावर मी तुला गाठलंच. "का केलंस?" तू म्हणालीस, "तुजी साला जाईल. सायब बोलून गेलाय ना?" मी म्हटलं, "म्हणजे तुला वाटलं मी एवढी वेडी झालेय, की मला माझी चूकसुद्धा पेलायची नाही? तू मला वाचवलंस, की मी बिनडोक आहे यावर शिक्का मारलास?" "सांगन कवातरी," तू म्हणालीस. तुझं हे टाळणं मला नेहमीच झोंबायचं. आणि मग मी ते बोलले. आजही लिहिताना हात अडतोय, पण लिहिते. मी म्हटलं, "तुझं बरंय! तुला अक्षर येत नाही, तुझं काय जातंय मठ्ठ म्हणवून घ्यायला?"

"व्हय," तू म्हणालीस. "माजं काय जातंय." आणि मासळी घेऊन बसलीस.

काय काय गेलं ते मी बारा वर्षं बघितलं. विहिरीवर बायका तुला बघून म्हणायच्या, "घागरी झाका गो, उघाडीवाली आली." तू त्यांच्याबरोबर हसायचीस. भावोजींचा आवाज एरवी कधी चढत नसे, पण भांडण झालं की शेवटी एकच वाक्य यायचं, "तुज्या अकलंनं शेत खारवलं." तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी बोलले असते, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. बघितलं असतंस तर मी खाली बघितलं असतं.

आणि माझं? माझी शाळा राहिली. तू रोज दुपारी मी परत आले की म्हणायचीस, "आज काय शिकवलंस ते मना सांग." मी चिडायची. तरी सांगायची. तू असले काही प्रश्न विचारायचीस की मला ते आधी स्वतःला कळून घ्यावं लागायचं. पृथ्वी गोल हाय तर खाडीचं पानी सांडत कसं नाय? भागाकारात उरलेलं कुनाला द्याचं? मला वाटायचं तुझा वेळ जात नाही म्हणून चाललंय. वर्षभराने एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी धडा एकदाच वाचला आणि तो समजला. साहेब पुन्हा आले, शेऱ्यात 'उत्तम' लिहून गेले. तू खोबऱ्याच्या वड्या केल्यास आणि विचारलंस, "उत्तम म्हंजे काय, साखर जास्त का कमी?" त्या दिवशी मी तुझ्या पाया पडायला हवं होतं. मी वडी खाल्ली.

पण बांधावर मी गेले नाही. लोकांना वाटायचं मास्तरीणबाईंना चिखलाचं वावडं. पाऊणकी मात्र दर वर्षी शिकवली. पोरं तालात म्हणायची, तीन पाऊण सव्वादोन, आणि मी दर वेळी फळा पुसायला वळायची. दर वर्षी वाटायचं, यांच्यातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कधीतरी कुणीतरी उठून म्हणेल, बाई, चुकलं.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात तू दुपारी डोळे उघडलेस आणि विचारलंस, "आज तिथी कंची?" मी म्हटलं, एकादशी. "मंग भरती कवा?" मी पटकन म्हटलं, सव्वाआठ. "न फल्या?" वैनी, मला उत्तर येत होतं. तीन काढायचे, सव्वापाच, लहान पोरही सांगेल. पण माझी जीभच उचलेना. मी औषध आणते म्हणून उठले. परत आले तर तू डोळे मिटले होतेस. तू झोपली नव्हतीस, मला माहीत आहे. तेवढं एक उत्तर तू मागितलंस आणि मी दिलं नाही. त्यानंतर तू मला काही विचारलंच नाहीस.

आता काल. पावसाळ्याआधी बांधाची डागडुजी झाली, नारळ फोडायला आणि पाळ्या वाटायला सगळे उघाडीवर जमले. मी सकाळीच भावोजींना म्हटलं, मी येते. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि टोपी घातली. उन्हात अख्खं गाव उभं. राघोनाना आता पंचाहत्तरीचे आहेत, काठी टेकत आले. नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि ते घरांची नावं घ्यायला लागले. आपलं घर नेहमीसारखं ओलांडलं. मी पुढे झाले. 

"नाना," मी म्हटलं, "त्या साली उघाडीवर वैनी नव्हती. मी होते. वेळ माझी चुकली. ती तापात पडली होती. मी पळून घरी आले आणि ती माझ्या जागी जाऊन उभी राहिली."

 मग हिराबाई बोलली, तिचं शेत उघाडीला लागूनच आहे. "त्या साली आमचं समदं आवन जललं. माजा पोर सालंतनं काढला न मिठागराव धाडला. न तू त्याच सालंत बसून पगार घेतलास? बारा वरसं?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? ती माझ्या अंगावर थुंकली असती तरी मी पुसलं नसतं. ती थुंकली नाही. तोंडावर पदर घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "न तिला आमी उघाडीवाली म्हनलो."

मी भावोजींकडे बघायचं टाळत होते. ते बांधाच्या कडेला उभे होते. टोपी काढून हातात घेतली होती. म्हणाले, "मना पन नाय सांगितलान?" ते मला विचारत नव्हते. "मना पन?" वैनी, हे तू बरोबर केलं नाहीस. माझी शाळा वाचवलीस, त्या माणसाचं काय? आता तो बारा वर्षांची सगळी भांडणं एकेक करून आठवत बसणार. यावर मी तुझ्याशी भांडले असते, चांगलं दिवसभर भांडले असते.

राघोनाना काठीवर हनुवटी टेकून बसले. मग म्हणाले, "चूक तिची नवती तर पाली परत द्याय पायजे. पन घरात आता कोन हाय? ह्याला डोल्यांनी कमी दिसतं. धाकला भाव मुंबैला. पाली घेनार कोन?"

"मी," मी म्हटलं.

मागून कुणीतरी हसलं. हसणारच. राघोनाना हसले नाहीत. "बरं. नव्या फल्या लावून बघाच्या हायेत आज. सांग मास्तरीन, आज तिथी कंची?"

"पंचमी."

"न फल्या कवा टाकाच्या?"

आणि गेलं, वैनी. सगळं गेलं. पाच पाऊण किती ते आठवेना. शंभर वेळा घोकून घेतलेलं, ते त्या क्षणी कुठे गडप झालं कोण जाणे. समोर माझ्याच हाताखाली शिकलेली दहा-बारा माणसं उभी, त्यांच्या ओठांवर उत्तर दिसत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. तोच शाळेमागचा ओकारीचा वास आला. वाटलं, झालं, पितळ उघडं पडलं, चल घरी, दाराला कडी लाव.

मी हात उलटा केला. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा. पहिलं बोट, तीन पेरं. दुसरं बोट. घाम पेरांवर ओघळत होता, मी मोठ्याने मोजत होते. चार बोटं संपली. पाचवं मी माझ्याच दुसऱ्या हाताचं लावलं. आधी ते तुझं असायचं. पंधरा पेरं. पावणेचार. मी तिथे थांबले नाही. पाहुणा उंबऱ्यात आधीच येऊन उभा राहतो, असं मी बोलून गेले, तुझ्याच शब्दांत, आणि हिराबाईने मान वर करून पाहिलं. तीन तास काढले. "पाऊण वाजता," मी म्हटलं.

"बगू," राघोनाना म्हणाले.

कुणी घरी गेलं नाही. तासभर ते सगळे उन्हात बांधावर बसून राहिले. मी घड्याळ काढून राघोनानांच्या हातात दिलं आणि उघाडीच्या तोंडाशी बसून दगडी उंबरा बघत राहिले. चिखलातली खेकड्यांची बिळं एकेक करून भरायला लागली. पाऊण वाजायला पाच-सहा मिनिटं होती तेव्हा फेसाची बारीक कड आली, मागे गेली, परत आली. "उठ गो मास्तरीन," राघोनाना म्हणाले.

मी पहिल्या फळीला हात घातला. एक टोक कसंबसं गुडघ्याएवढं उचललं, पुढे उचलेना. तेवढ्यात दुसरं टोक वर गेलं. भावोजी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. आम्ही ती खाचेत बसवली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी बसली आणि पाणी बाहेरून फळ्यांना लागलं. आत एक थेंब आला नाही. श्रावणातली आपली पाळी राघोनानांनी तिथेच सांगितली.

घरी आल्यावर भावोजी जेवले नाहीत. तुझ्या पाटावर बसून राहिले, मी हटकलं नाही. माझे दोन्ही हात सोलवटलेत, खांदा उचलत नाही, लेखणी धरताना कळ येते. मी मठ्ठ आहे की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. तुला काय वाटत होतं, तेही आता कळायचं नाही. पण एक कळलं, ते तुला सांगते.

फळी फार जड असते ग, वैनी. एकदा तरी म्हणायचंस, ये, एक टोक धर.